दुकानातलं घड्याळ कुणाला विचारून चालतं?



या आठवड्याचा व्हिडिओ पाहून काही जणांना वाटेल, "सर, आम्ही मसाले विकतो, आम्हाला काळ्या खिडकीत कमांड टाइप करायला का लावताय?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर लिहितोय. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्याच्या धंद्यात एक कॉम्प्युटर, एक सीसीटीव्ही आणि एक हजेरीचं मशीन आहे, त्या प्रत्येक मालकाला बरोबर वेळ स्वतः विचारता आली पाहिजे. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. एक ओळ टाइप करायची आणि आलेला आकडा वाचायचा. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं.

वजनकाटा आपण दर वर्षी-दोन वर्षांनी तपासून घेतो, त्यावर शिक्का मारून घेतो. कारण काटा चुकला तर गिऱ्हाईक फसतं नाहीतर आपण. मग घड्याळ का तपासत नाही? आज घड्याळसुद्धा पैसे मोजतंय.

घड्याळ कुठे कुठे पैसे मोजतं?

सगळ्यात आधी हजेरी. समजा तुमच्या युनिटमध्ये बारा बायका पॅकिंगला येतात. नऊची वेळ, दहा मिनिटांची सवलत, त्यानंतर अर्ध्या तासाचा पगार कापायचा असा नियम आहे. बोट लावायचं मशीन आठ मिनिटं पुढे आहे. म्हणजे जी बाई नऊ वाजून तीन मिनिटांनी आली, तिची नोंद नऊ-अकराची झाली आणि पैसे कापले गेले. तिने तक्रार केली तर आपण काय म्हणतो? "ताई, मशीन खोटं बोलत नाही." मशीन खोटं बोलत नाही हे खरं, पण त्याला खरं काय ते कुणी सांगितलेलंच नाही. आपण कधीही न तपासलेल्या घड्याळाच्या भरवशावर दुसऱ्याचा पगार कापतोय. मला विचाराल तर हा सगळा लेख या एका मुद्द्यासाठी लिहिला तरी चालला असता.

दुसरा सीसीटीव्ही. कुरिअरवाला म्हणतो पार्सल पावणेपाचला उचललं, तुम्ही म्हणता सव्वापाचला. फुटेज काढलं तर त्यावर तिसराच आकडा. चोरी झाली आणि पोलिसांनी रेकॉर्डिंग मागितलं, तर पहिला प्रश्न हाच येतो की या डीव्हीआरची वेळ बरोबर आहे का. उत्तर "माहीत नाही" असेल तर चांगला पुरावासुद्धा लंगडा पडतो.

तिसरं लॉगिन. एसएमएसने येणाऱ्या ओटीपीचा तुमच्या घड्याळाशी संबंध नाही. पण ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड घड्याळावरच चालतो. बहुतेक ठिकाणी तो दर ३० सेकंदांनी बदलतो. फोनची वेळ हाताने बदलून ठेवली असेल, दोन-तीन मिनिटांचा फरक पडला असेल, तर कोड अचूक टाइप करूनही "चुकीचा कोड" असं उत्तर येतं. आणि कॉम्प्युटरची तारीखच मागे गेली असेल, तर बँकेची वेबसाइटसुद्धा ब्राउझर उघडू देत नाही. सुरक्षिततेचं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं वाटतं.

चौथं टेंडर. महाटेंडर्ससारख्या सरकारी ई-निविदा पोर्टलवर शेवटची वेळ ठरते ती पोर्टलच्या सर्व्हरच्या घड्याळावर. ते घड्याळ लॉगिन केल्यावर वर दिसतं. तुमच्या भिंतीवर दोन वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली असतील, पण सर्व्हरवर तीन वाजले असतील तर दार बंद. तिथे वाद घालून उपयोग नाही.

"आमचं ऑटोमॅटिक आहे"

हे उत्तर मला कायम मिळतं. चांगली गोष्ट आहे, ऑटोमॅटिकच ठेवा. पण ऑटोमॅटिक म्हणजे काय ते एकदा समजून घ्या.

कॉम्प्युटरच्या आत एक छोटा क्वार्ट्झचा स्फटिक असतो. मनगटी घड्याळात असतो तसाच, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. तो स्वस्त असतो आणि थंडी-उन्हाने थोडा बदलतो. दहा लाखांत वीस भाग एवढी चूक धरली, तरी दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला पन्नासेक सेकंदांचा फरक पडतो. मशीन बंद असताना हे घड्याळ मदरबोर्डवरच्या बटणसेलवर चालतं. तो सेल संपला की लाइट गेल्यावर कॉम्प्युटर कुठल्यातरी जुन्याच सालात जाऊन बसतो. बिलिंगवाल्यांनी हा अनुभव घेतलेला असतो.

म्हणून कॉम्प्युटर अधूनमधून इंटरनेटवरच्या टाइम सर्व्हरला वेळ विचारतो आणि स्वतःला दुरुस्त करतो. या विचारपुशीच्या पद्धतीला नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, थोडक्यात एनटीपी म्हणतात. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी ती घडवली. तिचा पहिला अधिकृत मसुदा १९८५ चा आहे. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांच्या जन्माआधीपासून ही व्यवस्था चालू आहे, आणि फुकट आहे.

पण ही विचारपूस गुपचूप चालते, तशीच गुपचूप बंदही पडते. राउटर बदलला, अँटिव्हायरस टाकला, कुणीतरी सेवा बंद केली, तर पडद्यावर घड्याळ तसंच दिसत राहतं. लाल दिवा लागत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की ऑटोमॅटिक जरूर ठेवा, पण महिन्यातून एकदा विचारा.

आता प्रत्यक्ष विचारायचं कसं

कमांड इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची आहे, व्हिडिओत ती पडद्यावर मोठी दाखवली आहे. इथे ती कशी वाचायची ते सांगतो.

विंडोजच्या शोधपट्टीत सीएमडी टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा. मग ही ओळ:

डब्ल्यू३२टीएम /स्ट्रिपचार्ट /कॉम्प्युटर:टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग /सॅम्पल्स:५ /पीरिअड:५ /डेटाओन्ली

फोड करून बघा. पहिला शब्द म्हणजे विंडोजमध्ये आधीपासूनच असलेलं वेळेचं हत्यार, काहीही डाउनलोड करायचं नाही. स्ट्रिपचार्ट म्हणजे "फक्त विचार आणि फरक दाखव". कॉम्प्युटरपुढे विचारायचं ठिकाण येतं. इथे आपण दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेला विचारतोय. भारतीय प्रमाणवेळ सांभाळायचं काम याच संस्थेकडे आहे आणि त्यासाठी तिच्याकडे अणुघड्याळं आहेत. पाच वेळा विचार, दर पाच सेकंदांनी विचार, आणि नुसते आकडे दे, एवढंच बाकीच्या ओळीत आहे.

उत्तरात प्रत्येक ओळीवर एक वेळ आणि एक फरक सेकंदांत येतो. अधिक चिन्ह असेल तर सर्व्हर पुढे आणि तुमचं घड्याळ मागे. वजा असेल तर तुमचं पुढे. अधिक शून्य पूर्णांक शून्य तीन असं काही आलं तर छान, विसरून जा. अधिक एकशे वीस आलं तर तुम्ही दोन मिनिटं मागे आहात.

पुष्कळांना शंका येते, उत्तर यायलाच वेळ लागतो, मग ते बरोबर कसं? साधा हिशेब आहे. शेजारच्या दुकानात पोऱ्याला वेळ विचारायला पाठवलं. जाऊन यायला चार मिनिटं लागली आणि त्याने सांगितलं "दहा वाजले होते". तर आत्ता दहा वाजून दोन मिनिटं झाली असं आपण धरतो. एनटीपी तेच करतं. निघाल्याची, पोहोचल्याची, परत निघाल्याची आणि परत आल्याची अशा चार वेळा नोंदवतं आणि प्रवासाचा वेळ अर्धा करून वजा करतं. जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा नसेल तर थोडी चूक राहते, पण ती एकूण प्रवासाच्या निम्म्यापेक्षा जास्त होत नाही. प्रवास ८० मिलिसेकंदांचा असेल तर चूक फार तर ४०. आपल्या कामाला हे भरपूर झालं.

आकड्याऐवजी ०एक्स८००७०५बी४ असा एरर आला तर घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की उत्तर वेळेत परत आलं नाही. बहुतेकदा फायरवॉलने किंवा राउटरने युडीपी पोर्ट १२३ अडवलेला असतो. घड्याळ चुकलंय असा त्याचा अर्थ नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून पुन्हा विचारा. तिथे उत्तर आलं तर अडथळा तुमच्या नेटवर्कमध्ये आहे हे कळलं.

दुसरी ओळ आणखी छोटी आहे: डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /स्टेटस. ही बाहेर कुणाला विचारत नाही, तुमच्याच कॉम्प्युटरला विचारते की तू शेवटचं कधी आणि कुणाला विचारलंस. त्यात शेवटची यशस्वी जुळवणी कधी झाली ते येतं आणि सोर्स येतो. सोर्सपुढे "लोकल सीमॉस क्लॉक" लिहिलेलं असेल तर समजा, गडी कुणालाच विचारत नाहीये, स्वतःच्या मनाने चाललाय. ही ओळ चालवताना सेवा सुरूच नाही असं उत्तर आलं, तर तेही उत्तरच आहे.

त्यातच स्ट्रेटम नावाचा आकडा दिसेल. अणुघड्याळ किंवा जीपीएस म्हणजे शून्य पायरी, त्याला थेट जोडलेला सर्व्हर पहिली पायरी, त्याला विचारणारा दुसरी. डिस्ट्रिब्युटर, होलसेलर, रिटेलर अशी साखळीच म्हणा. मधे हात वाढले की थोडी खोट येऊ शकते, पण आपल्याला तिसऱ्या-चौथ्या पायरीवरचाही माल चालतो. १६ म्हणजे मात्र साखळीच तुटलेली.

मॅकवाल्यांनी टर्मिनल उघडून एसएनटीपी टाइम.ॲपल.कॉम एवढंच टाइप करायचं. लिनक्सवर क्रोनीसी ट्रॅकिंग, किंवा एनटीपीडेट असेल तर त्यापुढे वजा क्यू लावायचं. तो क्यू महत्त्वाचा आहे. तो नसेल आणि तुम्ही ॲडमिन म्हणून बसला असाल, तर ती कमांड विचारत नाही, थेट घड्याळ बदलते.

आधी विचारा, मग बदला

हा माझा मुख्य आग्रह आहे. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला की तो काय करतो? घड्याळावर क्लिक, वेळ बदलली, झालं, तीनशे रुपये. फरक किती होता, कधीपासून होता, कशामुळे होता, याची नोंद नाही. पुढच्या महिन्यात तेच.

डीव्हीआरचं उदाहरण घ्या. त्यावर कमांड चालत नाही. म्हणून आधी कॉम्प्युटर तपासून घ्या, मग कॉम्प्युटरचं घड्याळ आणि डीव्हीआरचा पडदा एकाच फोटोत येईल असा मोबाइलने फोटो काढा. समजा डीव्हीआर सात मिनिटं पुढे निघाला. लगेच दुरुस्त करू नका. आधी वहीत लिहा: अमुक तारखेला डीव्हीआर सात मिनिटं पुढे होता, अमुक वाजता दुरुस्त केला. कारण आधीच्या सगळ्या रेकॉर्डिंगवर ती सात मिनिटं तशीच राहणार आहेत. उद्या मागच्या आठवड्याचं फुटेज लागलं तर ही एक ओळच तुमचा आधार. नोंद न करता घड्याळ सरळ केलं, तर जुन्या फुटेजमध्ये फरक होता हे सांगायलाही तुमच्याकडे काही उरत नाही.

हजेरीच्या मशीनचंही तसंच. फरक सापडला तर कामगारांसमोर सांगा, दुरुस्त करा, आणि त्या महिन्यातल्या लेटमार्कांचा हिशेब पुन्हा करा. दोन-चारशे रुपये परत द्यावे लागतील. द्या. त्यातून मिळणारा विश्वास कुठल्याही मोटिव्हेशनल पोस्टरपेक्षा जास्त टिकतो.

आणि बिलिंगचा कॉम्प्युटर भर गर्दीत दुरुस्त करू नका. घड्याळ मागे सरकलं तर नंतरच्या बिलावर आधीची वेळ छापली जाते आणि क्रम बिघडल्यासारखा दिसतो. दुकान बंद झाल्यावर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि डब्ल्यू३२टीएम /रीसिंक द्या.

एक सापळा

समजा कमांड म्हणते फरक जवळजवळ शून्य, पण पडद्यावरचं घड्याळ साडेपाच तास मागे. कमांड चुकली का? नाही. एनटीपी जगाची एकच वेळ सांगतं, तिला यूटीसी म्हणतात. त्यात भारताचे साडेपाच तास मिळवायचं काम तुमच्या टाइम झोनच्या सेटिंगचं आहे. म्हणून फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल, तर घड्याळाला हात लावू नका, टाइम झोन बदला. चीनहून आलेल्या काही मशिनवर तिकडचाच झोन राहिलेला असतो, तो आपल्यापेक्षा बरोबर अडीच तास पुढे आहे. असा गोल आकडा दिसला की संशय झोनवर घ्या. ओबडधोबड आकडा, म्हणजे सात मिनिटं बावीस सेकंद वगैरे असेल, तर संशय घड्याळावर.

शिष्टाचार आणि कायदा

सर्व्हर फुकट आहे म्हणून त्याला छळायचं नाही. मी मुद्दाम पाच सेकंदांचं अंतर ठेवायला सांगितलं, कारण ही कमांड एरवी दर दोन सेकंदांनी विचारते. अमेरिकेची सरकारी वेळसंस्था एनआयएसटी तर स्पष्ट सांगते की चार सेकंदांच्या आत पुन्हा विचारू नका. २००३ मध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या टाइम सर्व्हरवर अचानक सेकंदाला अडीच लाखांहून जास्त विचारणा येऊ लागल्या. शोधल्यावर कळलं की नेटगिअर कंपनीच्या राउटरांमध्ये त्या विद्यापीठाचा पत्ता कायमचा कोरलेला होता आणि उत्तर आलं नाही की ते दर सेकंदाला पुन्हा विचारत होते. छोट्या मशीनमधली छोटी चूक लाखो ग्राहकांपर्यंत गेली. जे कुणी स्वतःचं प्रॉडक्ट बनवताय, त्यांनी हे लिहून ठेवा.

कायद्याचंही थोडं. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले. त्यात कंपन्या, डेटा सेंटर, सेवा पुरवठादार यांनी आपल्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी जोडावीत असं म्हटलंय. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना अंमलबजावणीसाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत दिली होती. तुमचा व्यवसाय यात कसा बसतो ते सल्लागाराला विचारा. पण मोठ्या कंपनीला सॉफ्टवेअर किंवा सेवा विकायची असेल, तर हा प्रश्न तुमच्यापर्यंत येणार हे धरून चाला.

मुंबई टाइम

शेवटी आपल्याच गावची गोष्ट. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईने ती मनापासून स्वीकारली नाही. प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे असलेला "मुंबई टाइम" १९५५ पर्यंत टिकून होता. म्हणजे कुणी "दहाला या" म्हटलं की विचारावं लागायचं, कुठले दहा?

आज आपण त्यावर हसतो. पण तुमच्या दुकानात बघा. काउंटरचा टाइम, कॅमेऱ्याचा टाइम, हजेरीचा टाइम आणि भिंतीवरचा टाइम, असे चार टाइम एका छताखाली चालतात, आणि "कुठले दहा?" असं कुणी विचारतही नाही.

"हे काम आयटीवाल्याचं" हे मला मान्य नाही. दुरुस्ती त्याच्याकडून करून घ्या, हरकत नाही. पण मोजमाप मालकाच्या हातात हवं. ज्याला आकडा वाचता येतो, त्याला कुणी "मशीनच बदलावं लागेल" असं सांगून गंडवू शकत नाही. दोन हजारांच्या कामाऐवजी साध्या बटणसेलवर काम भागतंय हे त्याला आधीच कळलेलं असतं.

या आठवड्याचं काम

१. आज दुकान बंद करताना स्ट्रिपचार्टची ओळ चालवा आणि आलेला फरक वहीत लिहा.

२. क्वेरी-स्टेटस चालवून सोर्स काय येतो ते बघा.

३. डीव्हीआर आणि हजेरीचं मशीन कॉम्प्युटरशी ताडून पाहा, फोटो काढा, मग दुरुस्त करा. त्यांच्या मेनूमध्ये एनटीपीची सोय असेल तर ती चालू करा.

४. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पुन्हा. फरक एका सेकंदाच्या आत असेल तर निवांत राहा. मिनिटाच्या वर असेल तर कारण शोधा, नुसतं घड्याळ सरळ करून सोडू नका.

तुमच्या हजेरीच्या मशीनमध्ये किती फरक निघाला ते कमेंटमध्ये नक्की लिहा. आणि कुणाचे पैसे चुकून कापले गेले असतील, तर ते आधी परत द्या, कमेंट नंतर लिहिली तरी चालेल.